उलाळ आणि धुरजड: मिउरा आणि डेटोना समजून घेताना

बैलगाडीत पोती भरताना जाणती माणसं दोन शब्द वापरतात. मागे भार जास्त झाला, जू वर उचललं गेलं आणि बैलांच्या गळ्याला आवळ बसू लागला, की गाडी ‘उलाळ’ झाली. पुढे भार जास्त होऊन तो बैलांच्या मानेवर आला, की गाडी ‘धुरजड’ झाली. बैल तेच, गाडी तीच, पोतीही तेवढीच. नुसती चार पोती पुढे-मागे केली की सगळी चाल बदलते.

साठच्या दशकातल्या दोन इटालियन स्पोर्ट्स कार समजावून सांगताना मला हेच दोन शब्द सगळ्यात कामाचे वाटतात. एक लॅम्बोर्गिनी मिउरा. दुसरी फेरारी ३६५ जीटीबी/४, जिला सगळे डेटोना म्हणतात. दोघींत बारा सिलिंडरचं इंजिन, दोघींची ताकद सुरुवातीला साधारण ३५० हॉर्सपॉवर, दोघींचा वेग ताशी २७०-२८० किलोमीटरच्या घरात. दोघींचे कारखाने इटलीतल्या मोदेना शहराच्या आसपास, एकमेकांपासून तासाभराच्याही आत. दोघींचं उत्पादन थांबलं तेही १९७३ सालीच. आकडे शेजारीशेजारी मांडले तर जुळ्या बहिणी वाटाव्यात. पण मिउरात ते जडशीळ इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आहे आणि डेटोनात पुढे, लांबलचक बॉनेटखाली. त्यांचं दिसणं, त्या चालवतानाचा अनुभव, दुरुस्तीतल्या अडचणी, आणि बऱ्याच अंशी आजची किंमतसुद्धा या एका गोष्टीशी येऊन जोडली जाते.

तिशीच्या आतली पोरं

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे ट्रॅक्टर बनवणारे उद्योजक. स्वतःच्या फेरारीच्या क्लचवरून त्यांची एन्झो फेरारींशी बोलाचाली झाली आणि त्या रागातून त्यांनी मोटारींचा कारखाना काढला, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती किती खरी न किती रंगवलेली यात मी शिरत नाही. १९६३ साली सांत'आगाता बोलोन्येझे या गावात कारखाना उभा राहिला आणि त्याच्यासाठी जॉत्तो बिझ्झारिनी या अभियंत्यानं बारा सिलिंडरचं एक अप्रतिम इंजिन आखून दिलं, एवढं मात्र नक्की.

फेरुच्चोंना शर्यतींत रस नव्हता. त्यांच्या कारखान्यातल्या तरुणांना मात्र होता. जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे दोन अभियंते, आणि बॉब वॉलेस हा न्यूझीलंडहून आलेला टेस्ट ड्रायव्हर. शर्यतीच्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या मागे जाऊन काही वर्षं झाली होती. तीच रचना रस्त्यावरच्या गाडीत का आणू नये, हा त्यांचा प्रश्न होता.

अडचण जागेची होती. व्ही-१२ म्हणजे सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एकमेकींकडे कललेल्या. सहा सिलिंडर एका ओळीत आले की इंजिन लांब होणारच. ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवायचं आणि त्याच्यामागे परत गिअरबॉक्स जोडायचा, तर गाडी ट्रकएवढी व्हायची. उत्तर सापडलं ते इंग्लंडच्या चिमुकल्या मिनी गाडीत. तिथे इंजिन आडवं बसवलेलं होतं आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटात. दाल्लारांनी तोच विचार बारा सिलिंडरवर लावला. ३९२९ सीसीचं इंजिन दोन सीटांच्या मागे आडवं टाकलं, आणि इंजिनचा खालचा भाग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग, असं सगळं एकाच ओतीव कामात बसवलं.

१९६५च्या नोव्हेंबरात तुरीनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला होता. बॉडी नाही, काही नाही. पातळ पोलादी पत्रा दुमडून केलेली चासी, वजन कमी करायला तिला सगळीकडे भोकं पाडलेली. आजच्या भाषेत सांगायचं तर लोकांनी गाडीचा एक्स-रे बघितला आणि ते वेडे झाले. बॉडीचं काम बेर्तोने या डिझाइन कंपनीकडे गेलं. तिथे मार्चेल्लो गांदिनी नुकताच रुजू झाला होता. १९६६च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नारिंगी रंगाची पूर्ण गाडी उभी राहिली. तोवर इंजिन आत बसवून व्हायचंच होतं, त्या जागी नुसतं वजन भरलं होतं आणि मागचं झाकण कुणाला उघडू दिलं नाही, असं सांगतात.

त्या दिवशी दाल्लारा आणि स्तान्झानी २९ वर्षांचे होते, गांदिनी आणि वॉलेस २७ वर्षांचे. मिउराकडे बघताना मला हे वय सारखं आठवतं. तिच्यातली सगळी मोहिनी आणि सगळे दोष त्या वयाचे आहेत.

झाकण उघडल्यावर

मिउराची उंची जेमतेम १.०५ मीटर. उभ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढी. पुढचं आणि मागचं झाकण अॅल्युमिनियमचं, अख्खंच्या अख्खं उचललं जातं. दोन्ही उघडली की मधे काचेची एक छोटी खोली आणि दोन्हीकडे उघडं यंत्र, असं दृश्य दिसतं. दारं उघडून समोरून पाहिलं तर वर गेलेली टोकं बैलाच्या शिंगांसारखी वाटतात. नावही बैलांचंच आहे: स्पेनमध्ये झुंजीचे बैल पाळणारे डॉन एदुआर्दो मिउरा यांच्या घराण्याचं. हेडलाइटभोवती पापण्यांसारख्या काळ्या पट्ट्या आहेत. दिवे मात्र आले फियाट ८५० स्पायडर या स्वस्त, छोट्या गाडीतून. जगातल्या सगळ्यात देखण्या गाडीचे डोळे उसने आहेत, आणि ते तिला काय शोभतात!

आता भाराकडे येऊ. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं मागे. पुढे रेडिएटर, स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी. टाकी भरलेली असेपर्यंत नाकावर वजन असतं. पेट्रोल जळत जातं तसं नाक हलकं होतं. त्यात नाकाचा आकार असा, की वेग वाढला की वारा त्याला वर उचलू पाहतो. ताशी दोनशेच्या पुढे, टाकी निम्मी झालेली असताना, स्टिअरिंग हातात हलकं लागू लागतं. म्हणजे पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत. गाडी उलाळ झाली.

दुसरी गोष्ट तेलाची. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पोटात, म्हणून दोघांना एकच तेल. इंजिनला जे तेल मानवतं ते गिअरच्या दातांना मानवतंच असं नाही. शिवाय गिअरमधून झिजून निघालेले धातूचे बारीक कण त्याच तेलातून इंजिनच्या बेअरिंगपर्यंत पोचू शकतात. मिउराच्या शेवटच्या काळातल्या गाड्यांत ही दोन तेलं वेगळी केली. म्हणूनच जाणकार माणूस मिउरा बघायला गेला की रंगाच्या आधी हे विचारतो.

तिसरी गोष्ट आगीची. ही समजायला कार्ब्युरेटर समजून घ्यावा लागतो, कारण आजच्या गाड्यांतून तो गेलाच. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ती गाडी मूळची फियाटचीच, म्हणजे इटालियन रक्ताची. थंडीच्या सकाळी वडील चोक ओढायचे, ॲक्सिलरेटर अलगद दाबायचे आणि चावी मारायचे. चोक ओढला की आत जाणारी हवा कमी आणि पेट्रोलचं प्रमाण जास्त होतं, एवढाच त्याचा अर्थ. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण कालवून सिलिंडरला पाजणारं भांडं म्हणजे कार्ब्युरेटर. पद्मिनीला असा एक होता. मिउराला वेबर कंपनीचे चार आहेत, प्रत्येकाला तीन तोंडं. बारा सिलिंडर, बारा तोंडं, प्रत्येकाचं स्वतंत्र ताट.

ही भांडी पिस्टनांच्या डोक्यावर, तापलेल्या इंजिनाच्या वर बसलेली. गाडी सिग्नलला नुसती घुरघुरत उभी राहिली तर काही वेळा पेट्रोल ओसंडून वर साचतं. जुनी रबरी नळी तडकलेली असेल तर आणखी गळतं. मग एक ठिणगी पुरते. मिउरा अशा पेटलेल्या आहेत, एक-दोन नव्हे, बऱ्याच. आज कुठलाही शहाणा मालक ओसंडलेलं पेट्रोल वाहून नेणाऱ्या नळ्या बसवून घेतो, जुन्या होसपाइप वेळेवर बदलतो आणि आग विझवायची सोय जवळ ठेवतो.

कारखान्यानं सुधारणा केल्या. १९६६ची पहिली पी४००, तीत ३५० हॉर्सपॉवर. १९६८च्या अखेरीस एस आली, ३७० हॉर्सपॉवरची. १९७१ला एसव्ही, ३८५ हॉर्सपॉवर, मागची चाकं रुंद, मागचं सस्पेन्शन बदललेलं, मागचे मडगार्ड फुगीर आणि डोळ्यांच्या पापण्या गेलेल्या. सगळ्या मिळून साधारण ७६० मिउरा झाल्या, त्यांत एसव्ही दीडशेच.

मारानेल्लोचं उत्तर

मारानेल्लो हे फेरारीच्या कारखान्याचं गाव. एन्झो फेरारींना मागे इंजिन ठेवायचं माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. त्यांच्या मागे इंजिन असलेल्या शर्यतीच्या गाडीनं १९६३मध्येच फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पण शर्यतीत चालवणारा पट्टीचा ड्रायव्हर असतो. पैसे मोजून गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती मागे भार असलेली, एकदम गिरकी घेऊ शकणारी इतकी ताकदवान गाडी द्यायची त्यांची तयारी नव्हती. जनावर गाडी ओढतं, ढकलत नाही, असं ते म्हणत अशी आठवण सांगितली जाते. आपल्याकडच्या कुठल्याही गाडीवानाला हे पटेल.

म्हणून १९६८च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या नव्या फेरारीत इंजिन पुढेच होतं. पण ती धुरजड नव्हती, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. इंजिन पुढे, पण समोरच्या चाकांच्या मागे सरकवून बसवलेलं. क्लच इंजिनजवळच. पाच गिअरचा गिअरबॉक्स मात्र उचलून थेट मागच्या चाकांपाशी, डिफरन्शियलला जोडून. दोघांच्या मध्ये एक जाड नळी आणि तिच्यातून फिरणारा दांडा. एक पोतं पुढे, एक पोतं मागे. वजन दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखं वाटलं गेलं.

इंजिन ४३९० सीसीचं. एका सिलिंडरचे साधारण ३६५ सीसी, त्यावरून नाव ३६५. जीटीबी म्हणजे लांब पल्ल्याची, बंद टपाची गाडी. शेवटचे ४ म्हणजे चार कॅमशाफ्ट, इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे. हे एकदा कळलं की त्या काळातल्या बऱ्याच फेरारींची नावं वाचता येतात. ‘डेटोना’ हे नाव कारखान्यानं ठेवलेलंच नाही. १९६७च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फेरारीनं पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही क्रमांक घेतले होते. त्या विजयाचं नाव लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी गाडीला लावलं ते कायमचं चिकटलं.

डिझाइन पिनिनफारिना या डिझाइन कंपनीच्या लिओनार्दो फियोरावांतीचं, तोही तेव्हा तिशीचाच. बॉडी मोदेनाच्या स्कालिएत्तीच्या कार्यशाळेत बनत, मुख्यतः पोलादी पत्र्याच्या. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं. पहिल्या गाड्यांच्या नाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पारदर्शक प्लास्टिकची पट्टी होती आणि दिवे तिच्यामागे. अमेरिकेचे नियम आड आले आणि १९७१पासून दिवे वर उघडणारे झाले. मला विचाराल तर पट्टीवाली डेटोना जास्त सुंदर. मिउरासारखी ती पहिल्या नजरेत जीव घेत नाही, पण दहा मिनिटं बघत राहिलं की नजर हलत नाही.

ही गाडी ज्यासाठी केली ते काम समजून घ्यायचं तर इटलीचा नकाशा घ्यावा. मिलान ते नेपल्स हा साडेसातशे किलोमीटरचा महामार्ग १९६४ साली पूर्ण झाला होता. सकाळी मिलानहून निघायचं, डिकीत दोन माणसांच्या बॅगा, आणि संध्याकाळी नेपल्सला न थकता उतरायचं. डेटोना हे काम मनापासून करते. मिउरात इंजिन कानामागे, एका काचेपलीकडे. अर्ध्या तासात केबिन तापते, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. तो आवाज अंगावर काटा आणतो, पण तो साडेसातशे किलोमीटर ऐकायचा नसतो.

१९७१च्या नोव्हेंबरात शर्यतीचा ड्रायव्हर डॅन गर्नी आणि मोटारींवर लिहिणारा पत्रकार ब्रॉक येट्स या दोघांनी एका डेटोनातून न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत अमेरिका आडवी पार केली ती ३५ तास ५४ मिनिटांत. १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन वर्षं डेटोनानं ल माँला आपल्या गटात पहिला नंबर काढला. लांबचा पल्ला हाच तिचा प्रांत.

तिच्यातही दोष आहेत. पॉवर स्टिअरिंग नाही, आणि पुढे एवढं मोठं इंजिन. पार्किंगमध्ये वळवताना दंड भरून येतात. गावात चालवली तर ती ट्रकसारखी वाटते. वेग घेतला की तेच स्टिअरिंग हलकं होतं आणि तरीही बोलतं. आणखी एक: गिअरबॉक्सचं तेल गार असताना दुसरा गिअर पडत नाही. बळ लावलं तर आतल्या कड्या झिजतात. माहितगार मालक सुरुवातीचे काही किलोमीटर दुसरा टाळतात, पहिल्यावरून थेट तिसरा घेतात.

कार्ब्युरेटर इथेही वेबरचेच, सहा, प्रत्येकी दोन तोंडांचे. एका गॅरेजमध्ये अशा बारा तोंडांचं ट्यूनिंग चालू असताना मी दोन तास उभा होतो. मिस्त्रीच्या हातात हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं एकेका तोंडापाशी. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा सूसू आवाज तो ऐकत होता. बाराही आवाज एका पट्टीत यायला हवेत. सात नंबरशी तो तीनदा परत आला, दर वेळी स्क्रू जेमतेम केसभर फिरवला. पेटी जुळवणारा माणूस जसा एकाच सुरावर रेंगाळतो, तसा. शेवटी नळी खाली ठेवली तेव्हा इंजिनाची घरघर जाऊन एक सलग गुंजन उरलं होतं.

पैसे मोजण्याआधी

डेटोना सगळ्या मिळून चौदाशेच्या आसपास झाल्या, म्हणजे मिउराच्या जवळपास दुप्पट. किमतीत ते दिसतं. गेल्या काही वर्षांत चांगली बंद टपाची डेटोना साधारण चार-पाच कोटी रुपयांच्या आसपास, पहिली पी४०० मिउरा दहा कोटींच्या आगेमागे आणि चांगली एसव्ही वीस कोटींच्या पुढे, असं ढोबळ चित्र आहे. इथे बाजार चालवण्याचे पैसे मोजत नाही. तो धाडसाचे, देखणेपणाचे आणि दुर्मिळतेचे पैसे मोजतो. माझ्या मते डेटोना तिच्या गुणांच्या मानानं स्वस्त आहे, आणि ज्याला गाडी खरोखर वापरायची आहे त्यानं दुसरा विचार करू नये. ज्याला एकच गाडी जन्मभर सांभाळायची, रविवारी तास-दोन तास चालवायची आणि बाकी वेळ नुसती बघायची आहे, त्यानं मिउरा घ्यावी. शक्य झाल्यास तेलं वेगळी केलेली एसव्ही.

पण एवढा पैसा आला की लबाडीही येते. आपल्या आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो, तोच इथे सर्वस्व आहे. कारखान्यातून निघताना ज्या चासीत जे इंजिन होतं तेच आज आहे का, हा पहिला प्रश्न. गिअरबॉक्सचा आणि बॉडीचा नंबरही जुळला तर उत्तम. इंजिन बदललेली गाडी चालायला तितकीच चांगली असू शकते, किंमत मात्र बरीच उतरते.

डेटोनाचा सापळा वेगळा आहे. कारखान्यानं उघड्या टपाच्या, म्हणजे स्पायडर डेटोना फक्त सव्वाशेच्या आत बनवल्या. त्यांची किंमत बंद गाडीच्या कितीतरी पट. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकात लोकांनी चांगल्या बंद गाड्यांची टपं कापली आणि स्पायडर केल्या. कामही काही वेळा उत्तम झालं आहे. नुसतं बघून फरक कळणार नाही, चासी नंबरच सांगेल. मिउरात असाच प्रकार एसव्हीचा. जुन्या पी४०० किंवा एसला फुगीर मडगार्ड आणि रुंद चाकं लावून एसव्हीचं रूप दिलेल्या गाड्या आहेत. हे रूप कुणी, कधी दिलं त्याचे कागद मागावेत.

खात्री करून घ्यायला दोन्ही कारखान्यांची दारं उघडी आहेत. फेरारीचा क्लासिके विभाग आणि लॅम्बोर्गिनीचा पोलो स्तोरिको विभाग जुन्या नोंदवह्या तपासून, गाडी बघून, प्रमाणपत्र देतात. ते नसलं म्हणजे गाडी खोटी असं नाही, पण का नाही हे विचारायला हवं. उजव्या हाताचं स्टिअरिंग असलेल्या डेटोना ब्रिटनसाठी दीडशेहून थोड्या जास्त बनल्या. आपल्याकडच्या माणसाला त्यांचा मोह होतो, पण त्या शोधायला वर्षं जातात.

गंजाची जागा दोघींत वेगळी. मिउराची चासी पातळ पत्र्याची, पोकळ कप्प्यांची. दारांखालच्या पट्ट्यांत पाणी आत राहतं आणि वरचा रंग झळझळीत असताना आत चाळण झालेली असते. डेटोनात चासी नळ्यांची, ती तशी दणकट. तिथे पोलादी पत्रा आणि अॅल्युमिनियम जिथे भेटतात त्या कडा आणि दारांचे खालचे भाग बघायचे. लोहचुंबक खिशात ठेवावा. पोलादाच्या जागी तो चिकटला नाही तर आत पुटी भरलेली आहे.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवावं की इंजिन आधी सुरू करू नका. पोचल्यावर इंजिनावरच्या झाकणाला हात लावून गार आहे ना बघावं. गार इंजिन किती वेळात धरतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, तेलाचा दाब कुठे जातो, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि नंतर कळत नाही. डेटोना असेल तर पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल गरम होऊ द्यावं आणि मगच दुसऱ्या गिअरबद्दल मत बनवावं. गरम झाल्यावरही तो कुरकुरत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार, आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावी.

मिउरा असेल तर आधी टाकीत पेट्रोल किती आहे ते विचारावं. विकणारा बहुधा टाकी फुल करूनच ठेवतो. दोन फेऱ्या माराव्यात, एक भरल्या टाकीची आणि एक पाव टाकीची, त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, आणि दोन्ही वेळा स्टिअरिंग किती जड लागतं तेवढंच लक्षात ठेवावं.